उरलेले ३५ क्लॉक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आर्टिक्स-७ ३५टी या एफपीजीएवर (आतली जोडणी आपण हवी तशी ठरवू शकतो अशा चिपवर) आठ ऑडिओ चॅनेलचे फिल्टर एकाच मल्टिप्लायरवर, म्हणजे गुणाकार करणाऱ्या एकाच भागावर, चालवता येतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की गणितं एकामागून एकच करायची तर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे साधा छोटा प्रोसेसर, काय वाईट? शिवाय माझा हिशोबही बसत नाही.

हिशोबाचं आधी, कारण तिथे तुम्ही मर्मावर बोट ठेवलंत. क्लॉक (चिपचा ठोका) १०० मेगाहर्ट्झ, सॅम्पल (आवाजाचं एकेक मोजमाप) ४८ किलोहर्ट्झने, म्हणजे दोन सॅम्पलच्या मध्ये २०८३ क्लॉक. एका चॅनेलला २५६ गुणाकार (त्यांची बेरीज म्हणजे फिल्टरचं उत्तर), दर क्लॉकला एक; आठांना २०४८. उरले ३५. ब्लॉक रॅममधून (चिपवरच्या मेमरीतून) आकडा बाहेर यायला दोन क्लॉक, डीएसपी ब्लॉकच्या (मल्टिप्लायर आणि बेरीज ज्यात असते त्या भागाच्या) आत तीन, अशी पाइपलाइन, म्हणजे आकड्याची उत्तरापर्यंतची वाट, पाच टप्प्यांची. प्रत्येक चॅनेलनंतर ती रिकामी होईपर्यंत थांबलं तर २६१ गुणिले आठ, २०८८. पाच क्लॉकनी गाडी चुकते. थांबायचं की नाही हे मी लेखात लिहिलंच नव्हतं, ही चूक माझी. आज ते घातलं आहे.

तर, थांबायचं नाही. पहिल्या चॅनेलचा शेवटचा गुणाकार डीएसपीत असतानाच दुसऱ्याचा पहिला आकडा रॅममधून निघालेला हवा. तो बेरजेपाशी पोचला की त्या एका क्लॉकला त्यात जुनी बेरीज मिळवायची नाही, नुसता गुणाकार ठेवायचा, आणि जुनी बेरीज त्याच क्लॉकला उचलून घ्यायची. एक क्लॉक उशीर झाला तर बेरजेऐवजी पुढच्या चॅनेलचा पहिला गुणाकार हाती येतो. हे जमलं की रिकामं होण्याचे पाच क्लॉक शेवटी एकदाच लागतात. एकूण २०५३. बसलं!

फिल्टरचे सहगुणक (सॅम्पल ज्यांनी गुणायचे ते आकडे) सममित, म्हणजे दोन्ही टोकांकडून सारखेच, असतील तर आणखी मजा आहे. दोन सॅम्पल आधी बेरीज करून गुणले की गुणाकार निम्मे होतात, डीएसपी ब्लॉकमध्ये त्यासाठी बेरजेची सोय असतेच. पण मग दर क्लॉकला दोन सॅम्पल वाचावे लागतात, ब्लॉक रॅमला पोर्ट (वाचण्या-लिहिण्याच्या वाटा) दोनच, आणि नवा सॅम्पल लिहायला जागा उरत नाही. त्याच्यासाठी एक क्लॉक राखून ठेवावा लागतो. मल्टिप्लायरची टंचाई मिटली की पोर्टची सुरू होते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता मायक्रोकंट्रोलर. सगळे गुणाकार एकदम करायचे तर २०४८ मल्टिप्लायर लागतील, ३५टीवर डीएसपी ब्लॉक आहेत ९०. वाटून वापरणं आलंच. मात्र हे काम एकावर उरकलं की बाकीचे ८९ त्याच क्लॉकला दुसरं काहीही करायला मोकळे. प्रोसेसरवर इतर कामांना त्याच कोअरच्या वेळेतून वाटा काढावा लागतो.

चालू असतानाच चिपचा भाग बदलत राहावा, ही तुमची सूचना इथे चालणार नाही. चिपची जोडणी आतून बदलायचा जो वेगळा पोर्ट असतो, त्यातून सेकंदाला फार तर ४०० मेगाबाइट जातात. चिपच्या जोडणीची पूर्ण फाइल साधारण २.२ मेगाबाइटची, तिचा दहावा भाग बदलायलाही सुमारे ५५,००० क्लॉक लागतात. तेवढ्यात पंचवीसहून जास्त सॅम्पल निघून गेलेले असतात. वापरणाऱ्याने बटण दाबून फिल्टरचा प्रकारच बदलला, तर मात्र मीही तेच करीन.