काटकसर फक्त विरोधी बाकांवर

अमेरिकेच्या कर्जाबद्दलचा एक मजकूर बराच फिरलाय. म्हणे, डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांनी आधीच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांनी मिळून केलं त्याहून जास्त कर्ज एकट्याने केलं. आणि विरोधी रिपब्लिकन पक्ष म्हणे तिजोरी जपणारा. कर्जमर्यादेवरून, म्हणजे सरकारने किती कर्ज काढावं याच्या कायदेशीर मर्यादेवरून, त्याने घेतलेली ताठर भूमिका हा त्याचा पुरावा.

पहिला दावा साध्या वजाबाकीतच पडतो. जानेवारी २००९ मध्ये कर्ज सुमारे १०.६ लाख कोटी डॉलर होतं, जानेवारी २०१७ मध्ये १९.९. भर पडली ९.३ लाख कोटींची. प्रचंडच, पण 'सगळ्यांहून जास्त' नाही. शिवाय तिथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे २००९चं वर्ष उघडलं ते बुश यांच्या काळात. ओबामांच्या शपथविधीच्या आधीच काँग्रेशनल बजेट ऑफिसने, म्हणजे तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने, त्या वर्षाची तूट सुमारे १.२ लाख कोटी राहील असा अंदाज दिला होता; प्रत्यक्षात ती १.४ झाली. या वाढलेल्या आकड्यात अर्थव्यवस्था सावरायला ओबामांनी आणलेल्या पॅकेजचाही वाटा आहे, तो त्यांच्या नावावर मांडाच. पूर्ण तूट मात्र नको.

आता 'तिजोरी जपणारे'. रेगन यांच्या काळात कर्ज जवळपास तिप्पट झालं. धाकट्या बुशांनी ५.७ लाख कोटींवर सूत्रं घेतली, दोनदा करकपात केली, दोन युद्धं सुरू केली आणि १०.६ वर सोडली. ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत आकडा २७.७ वर गेला. 'कोविड होता ना!' होता, मदतीचा मोठा कायदा सिनेटने ९६ विरुद्ध ० ने मंजूर केला, तो एका पक्षाचा नव्हेच. पण २०१९ मध्ये कोविड नव्हता, बेरोजगारी ४ टक्क्यांच्या खाली होती, आणि तरी तूट एक लाख कोटीच्या उंबरठ्यावर. चांगल्या दिवसांत तूट आटायला हवी. २०१७च्या करकपातीनंतर ती फुगली.

म्हणून डेमोक्रॅट साधुसंत ठरत नाहीत. बायडेन यांच्या काळातही ८ लाख कोटींहून अधिक भर पडली. क्लिंटन यांच्या शिलकी अर्थसंकल्पांचं श्रेय एकट्या त्यांचं नाही: १९९३चा करवाढीचा कायदा एकाही रिपब्लिकन मताशिवाय झाला खरा, पण १९९५ पासून काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, रिपब्लिकनांच्या हाती होती आणि शेअर बाजारातली तेजी कर भरभरून देत होती. माझ्या मते खरी जबाबदारी दाखवली थोरल्या बुशांनी. 'नवे कर नाहीत' हा शब्द मोडून १९९० मध्ये त्यांनी तडजोड केली. त्यांच्याच पक्षाने त्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही.

राहिली कर्जमर्यादा. ती वाढवल्याने नव्या खर्चाला मंजुरी मिळत नाही; आधीच मंजूर केलेल्या खर्चाची देणी भागवता येतात. २०११च्या ओढाताणीतून खर्चावर काही मर्यादा आल्या, आणि त्याच वर्षी एस अँड पी या पत ठरवणाऱ्या संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च पतमानांकनही काढून घेतलं. हा खेळ दोघांचाही: २००६ मध्ये मर्यादा वाढवायला विरोधात मत देणाऱ्या सिनेटरांत खुद्द ओबामा होते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत हीच मर्यादा तीनदा स्थगित झाली. जुलै २०२५च्या कायद्याने तर ती एका फटक्यात ५ लाख कोटींनी वाढवली, आणि त्या कायद्याला एकाही डेमोक्रॅटचं मत नव्हतं.