बाकीच्या गाड्या कशा आल्या?

मुरैना सोडलं की चंबळच्या पुलाच्या अलीकडे एक ढाबा लागतो. मागच्या जानेवारीत पहाटे साडेतीनला तिथे गाडी लावली. मागे पिंपळगावहून भरलेला लाल कांदा, जायचं दिल्लीच्या आझादपूर मंडीत. खाली उतरून बंपरपाशी उभा राहिलो तर माझ्याच गाडीचा मागचा दिवा नुसता लालसर डाग दिसत होता. ताडपत्रीवरून पाणी टपकत होतं, पाऊस नसताना.

तेवढ्यात फोन वाजला.

"कुठपर्यंत आलास?"

"शेठ, थांबलोय. धुकं आहे. पुढचं काहीच दिसत नाही."

"अरे, मग बाकीच्या गाड्या कशा आल्या?"

वीस वर्षं गाडी चालवतोय. या वीस हिवाळ्यांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याची मोजदाद नाही. आज त्यावरच लिहितोय, जरा लांबेल, पण वाचा.

आपल्याकडे हिवाळा म्हणजे हुरडा, बाजरीची भाकरी, शेकोटी. फार तर निफाडचा पारा पाच-सहावर आला म्हणून बातमी येते, आणि द्राक्षवाले पहाटे उठून बागेत धूर करतात. ती थंडी अंगावर घोंगडी ओढली की निभते. चांदवडला रेणुकामातेला हात जोडून निघायचं, राहुड घाट, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधव्याच्या बिजासन घाटात पुन्हा देवीला हात जोडायचे, खलघाटला नर्मदा ओलांडायची. इथपर्यंत थंडी म्हणजे फक्त थंडी. इंदूर, देवास, ब्यावरा, गुना इथे ती हाडात शिरते, पण रस्ता दिसतो. शिवपुरी-ग्वाल्हेरच्या पुढे मात्र दुसरंच राज्य सुरू होतं. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, दोन्ही बाजूंना पाणी दिलेली गव्हा-मोहरीची शेतं. रात्री जमीन गार पडली की त्या ओलीतून धुकं उठतं, पहाटे तीन ते आठ त्याचा जोर सगळ्यात जास्त. आणि आझादपूरचा बाजार सकाळचा. म्हणजे धुकं जेव्हा सगळ्यात दाट, नेमकी तेव्हाच आमची घाई सगळ्यात जास्त.

ज्यांनी दाट धुक्यात भरलेली गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हवामान खातं 50 मीटरच्या आत दिसत असेल तर त्याला अति दाट धुकं म्हणतं. ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. म्हणजे ते 50 मीटर तीन सेकंदांत संपतात. त्या तीन सेकंदांत समोर काय आहे ते डोळ्यांना दिसायचं, डोक्यात शिरायचं, पाय ब्रेकवर जायचा आणि पंचवीस टन माल मागून ढकलत असताना गाडी उभी राहायची. ते होत नाही. कितीही कसबी ड्रायव्हर असला तरी होत नाही.

म्हणून आम्ही काय करतो? हेडलाइटला पिवळी पन्नी लावतो. अपर, म्हणजे लांबचा झोत मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून डिपरवर, खालच्या झोतावरच चालतो. काच आतून धुरकटते, तिच्यावर कापलेला बटाटा चोळतो. खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो, कारण धुक्यात डोळ्यांपेक्षा कान आधी सांगतात. गाणी बंद. डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर, आणि पुढे एखादी गाडी मिळाली तर तिच्या लाल दिव्याला धरून चालायचं. यात सगळ्यात वाईट हे की त्या पुढच्यालाही दिसत नसतं. तो त्याच्या पुढच्याला धरून चाललेला असतो. अशी दहा-पंधरा गाड्यांची माळ तयार होते आणि पहिला कुठे थांबला की मागचे सगळे एकमेकांवर जातात.

मी नवीन होतो तेव्हा क्लीनर असायचा. अगदीच दिसेनासं झालं तर वस्ताद त्याला बॅटरी देऊन खाली उतरवायचे, तो पुढे चालत रस्ता दाखवायचा. जिवाला धोकाच होता, पण निदान केबिनमध्ये दुसरा माणूस होता. झोप आली तर बोलायला कोणी होतं. आता भाड्यात क्लीनरचा पगार बसत नाही. बारा चाकी गाडी आणि एकटा माणूस. सकाळी ब्रेकच्या एअर टाकीतलं पाणी त्यानेच काढायचं, टायरवर रॉड मारून हवा त्यानेच बघायची, दोर त्यानेच आवळायचे आणि रात्रभर त्यानेच जागायचं.

कांद्याची तर आणखी वेगळी गोष्ट. ताडपत्री पूर्ण आवळली तर आतून घाम सुटतो आणि कांदा सडतो. मोकळी सोडली तर धुक्याचं पाणी गोण्यांवर. म्हणून बाजूने हवेला जागा ठेवून वरून झाकायचं. दर तीन-चार तासांनी उतरून हात घालून बघायचं, गोणी गरम तर लागत नाही ना. गारठ्यात ओली ताडपत्री ओढून बोटं कशी होतात ते ज्याने ओढली त्याला माहीत.

"थांबायचं ना मग" असं लोक सहज म्हणतात. थांबायचं कुठे? रस्त्याच्या कडेला थांबलो तर मागून येणारा आमच्यातच घुसतो. मागे लाल, बाजूला पिवळी रिफ्लेक्टर टेप लावलेली असते, पण धुळीने माखलेली टेप धुक्यात कितीशी दिसणार? धुक्यातल्या अपघातांत कडेला उभ्या गाडीवर मागून आदळणं हे मी सगळ्यात जास्त पाहिलंय. टोलनाक्याजवळ थांबलो तर पुढे घ्या म्हणून काठी आपटतात. ढाब्यावर जागा असेल तर असेल, नाहीतर आधीच चाळीस गाड्या लागलेल्या. तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' नावाने ड्रायव्हरांसाठी खाटा, आंघोळीची सोय सुरू केली. चांगलं काम आहे, मी दोनदा वापरलंय. पण माल भरलेली गाडी सोडून ड्रायव्हर आत जाऊन झोपेल कसा? उठेपर्यंत डिझेल काढलेलं असतं, नाहीतर ताडपत्री फाडून गोण्या गेलेल्या असतात, आणि ते पैसे आमच्यातून कापतात. म्हणून आम्ही केबिनमध्येच झोपतो.

केबिनमध्ये झोपण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. पत्र्याची केबिन रात्री बर्फासारखी होते. इंजिन चालू ठेवलं तर डिझेल जळतं, म्हणून बंद करतात. मग काही जण पाटीत कोळसे पेटवून आत घेतात आणि काचा लावून झोपतात. माझ्या ओळखीचा एक मालेगावकडचा पोरगा असाच झोपला आणि उठलाच नाही. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास येत नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही, फक्त झोप गाढ होत जाते. गाडीवरच्या पोरांनो, हात जोडून सांगतो, दोन घोंगड्या जास्त घ्या, दोन स्वेटर घाला, पण विस्तव आत घेऊ नका.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. उन्हाळ्यात त्याचा फार उपयोग होईल, मी मनापासून स्वागत करतो. पण गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना, जानेवारीच्या रात्री ड्रायव्हर कशात झोपतो हा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. धुक्यात आम्ही थांबत नाही, कारण थांबण्याची शिक्षा आहे आणि चालण्याची नाही. पोहोचायला उशीर झाला की भाड्यातून पैसे कापतात. त्या चंबळच्या रात्री मी पाच तास थांबलो. मंडीत पोहोचेपर्यंत लिलावाची वेळ गेली होती, आडत्याने चार हजार कापले आणि शेठने ते माझ्या हिशेबात लावले. आडत्याचंही मी समजू शकतो. सकाळचा भाव दुपारी राहत नाही, आणि त्या मालामागे कुठल्यातरी शेतकऱ्याचं वर्षाचं गणित असतं. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला आहे. पण मग त्या नुकसानीचा बोजा एकट्या ड्रायव्हरवर का? धुकं त्याने आणलं नाही.

रेल्वे बघा. धुक्यात गाड्या हळू चालतात, इंजिनात पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारं जीपीएस यंत्र असतं, सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाके लावतात म्हणजे लोको पायलटला आवाजाने कळावं. गाडी सहा-आठ तास उशिरा आली तर स्टेशनवर लोक वैतागतात, पण लोको पायलटचा पगार कोणी कापत नाही. दिल्ली विमानतळावर धुक्यात उतरण्यासाठी खास यंत्रणा आहे, आणि तरीही विमानं रद्द होतात. पायलटला कोणी विचारत नाही की बाकीची विमानं कशी उडाली. त्याच धुक्यात, त्याच पहाटे, खाली आम्ही पिवळी पन्नी लावून चाललेलो असतो.

सरकारच्या स्वतःच्या कागदातही वेळेचा हिशेब आहे. परतीला मी फरिदाबादहून मशीनचे पार्ट भरतो. त्याच्या ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या जीएसटीच्या कागदाला, 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. नाशिकपर्यंत साडेबाराशे किलोमीटर धरले तर सात दिवस. कागद म्हणतो सात दिवस, आणि मला सांगतात तिसऱ्या दिवशी गाडी खाली झाली पाहिजे. 1961 च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरलासुद्धा दिवसाला जास्तीत जास्त दहा तास सांगितले होते. दहा तासांत घरी गेलेला ड्रायव्हर मी तरी पाहिलेला नाही.

2024 च्या 1 जानेवारीला आम्ही गाड्या उभ्या केल्या होत्या, ते तुम्हाला आठवत असेल. अपघात करून पळालेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं ते नवं कलम. दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला बोलणी करावी लागली. मीही त्यात होतो, आणि अपघात झाल्यावर जमाव काय करतो ते पाहिलेलं असल्यामुळे ते कलम नको या मागणीला माझा आजही पाठिंबा आहे. पण तेव्हाही मनात आलं होतं की अपघातानंतर काय व्हावं यावर आपण देश थांबवला, अपघात होऊ नये म्हणून थांबण्याची मुभा मात्र आपण मागितलीच नाही.

एकट्याने थांबून काही होत नाही, कारण मग "बाकीच्या गाड्या कशा आल्या" हा प्रश्न उरतोच. सगळ्याच थांबल्या तर तो प्रश्न विचारताच येणार नाही. हे होऊ शकतं. एकदा सफरचंदांसाठी काश्मीरला गेलो होतो. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर दरड आली, बर्फ पडला की वाहतूक पोलीस ट्रक काझीगुंडला अडवतात. तिथे आमचे फार हाल होतात, दिवसेंदिवस रस्त्यावर काढावे लागतात, ना संडास ना पाणी, आणि सफरचंद सडतात तो बागवाल्यांचा संताप वेगळाच. ती व्यवस्था चांगली आहे असं मी म्हणतच नाही. पण एक गोष्ट तिथे शिकलो. हुकूम निघाला की ड्रायव्हरला कोणी विचारत नाही तू का थांबलास. धुक्यासाठी तर दिवसच्या दिवस अडवायचीही गरज नाही, चार-पाच तास पुरतात. हवामान खातं आदल्या दिवशी धुक्याचा इशारा देतं. 50 मीटरच्या आत दिसत असेल तेव्हा टोलनाक्यावर अवजड गाड्या अडवा, शेजारच्या मोकळ्या जागेत उभ्या करा, एक पहारेकरी द्या आणि तसा वेळेचा शिक्का पावतीवर मारा. नऊ वाजता सोडा. यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादा कमी करतात, म्हणजे धुक्यासाठी नियम बदलता येतो हे सरकारला मान्य आहे.

घरचं एक सांगतो. रात्री अकराला बायकोचा फोन येतो. "अहो, धुकं आहे का? थांबलात ना?" मी गाडी चालवत असतो आणि "हो, थांबलोय" म्हणतो. अर्ध्या तासाने शेठचा फोन येतो तेव्हा मी खरंच कुठेतरी उभा असतो आणि "चालूच आहे, शेठ" म्हणतो. कितीतरी वर्षं एकाच फोनवर मी ही दोन खोटी बोललोय. संक्रांतीला तिने डब्यात दिलेले तिळाचे लाडू मी ग्वाल्हेरच्या पुढे एकट्याने खाल्लेत, आणि प्रत्येक वेळी वाटलंय की निदान तिला तरी खरं सांगता यावं.

म्हणून या हंगामात एक सुरुवात केली. माल भरताना बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, शेऱ्याच्या जागी पेनाने लिहून घेतो: दाट धुक्यात गाडी थांबल्यास भाडेकपात नाही. तिघांनी लिहून दिलं. एकाने बिल्टी परत घेतली आणि तो लोड दुसऱ्या गाडीला दिला, माझी गाडी दोन दिवस रिकामी उभी राहिली. लिहून दिलेल्या तीन खेपांपैकी एका खेपेत मी धोलपूरला साडेपाच तास थांबलो, मंडीत अकराला पोहोचलो. आडत्याने शेरा वाचला, थोडी कुरकुर केली आणि पूर्ण भाडं दिलं. कांदा चांगलाच होता, गारठ्यात पाच तासांनी त्याला काही झालेलं नव्हतं.

परवा पुन्हा लोड आहे. पिंपळगाव, लासलगाव, नाशिककडचे कोणी व्यापारी, ट्रान्सपोर्टवाले हे वाचत असतील आणि असा शेरा द्यायला तयार असतील तर मला कळवा. गाडी मी घेऊन येतो, आणि माझ्यासारखे आणखी पाच-सहा जण तयार आहेत.