फक्त 'नो ॲडेड शुगर' पाहून पुडा उचलू नका

लहान मुलांच्या पाकीटबंद खाऊवरच्या एका लेखात म्हटलंय की पुड्यावर 'नो ॲडेड शुगर' (वरून साखर घातलेली नाही) असं लिहिलेलं असेल तर दीड-दोन वर्षांच्या मुलांना निर्धास्त द्या. हे मला अजिबात पटलं नाही. पुडा उलटा करून मागची घटकांची यादी वाचायलाच हवी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. 'नाचणी पफ्स'मध्ये आधी तांदूळ आणि मक्याचं पीठ, नाचणी पार शेवटी, असं सर्रास दिसतं. साखर नसली तरी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पावडर), खजुराचा सिरप, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट (आटवलेला रस) असतं. बाळाच्या दातांना तेही गोडच. यादीत रंग, चव वाढवणारे पदार्थ वगैरे 'आयएनएस' क्रमांकाने लिहिलेले असतात: आयएनएस 102 म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा रंग, 621 म्हणजे अजिनोमोटो. मीठ बघायचं तर सोडियमचा आकडा 100 ग्रॅममागे किती, ते पाहा. 'पर सर्व्ह'चा (एका वेळी खायच्या भागाचा) आकडा नेहमी लहानच वाटतो. शेंगदाणे, दूध, गहू, सोया यांची ॲलर्जीची सूचना बहुधा यादीखालीच असते. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध असलेलं काहीही नको, बॉट्युलिझमचा (जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा) धोका असतो. आजी-आजोबांनाही हे जरूर सांगा, खाऊ बऱ्याचदा तेच आणतात.