लोक कॅलिफोर्निया सोडतायत ते घरामुळे, मतामुळे नाही

परवापासून तीन ग्रुपवर तोच मेसेज आलाय, की कॅलिफोर्निया रिकामं होत चाललंय, डेमोक्रॅट लोकांच्या राजकारणाला कंटाळून सगळे टेक्सासला पळतायत आणि तिकडे टॅक्सच नाही. पुण्याहून मामेभाऊ विचारतोय, दादा तुम्ही कधी निघताय? म्हणून इथे कॅलिफोर्नियातून लिहायला बसलो.

आधी "रिकामं". 2020 ते 2022 मधे लोकसंख्या घटली हे खरंय, 2020 च्या सेन्ससनंतर राज्याची अमेरिकन काँग्रेसमधली, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहातली, एक सीटही गेली, 53 च्या 52 झाल्या आणि असं इतिहासात पहिल्यांदाच झालं. पण 2023 मधे आकडा परत वाढला, आजही इथे 3 कोटी 90 लाखांच्या आसपास माणसं राहतात. 2022 मधे साधारण 1 लाख लोक इथून टेक्सासला गेले, आणि त्याच वर्षी तिकडून 40 हजारांच्या आसपास इकडे आले, हे मात्र मेसेजमधे नाही.

टॅक्सचं म्हणाल तर टेक्सासमधे स्टेट इन्कम टॅक्स नाही, बरोबर. पण प्रॉपर्टी टॅक्स तगडा आहे, आणि इथला इन्कम टॅक्सचा सगळ्यात वरचा 13.3 टक्क्यांचा रेट लागतो वर्षाला 10 लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्याला. कमी पगारवाल्याला इथे इन्कम टॅक्स फारच थोडा बसतो, आणि सोडून जाणाऱ्यांत जास्त भरणा कमी आणि मध्यम पगारवाल्यांचाच आहे.

राजकारणामुळे जाणारे थोडे असतीलही. पण 2020 ला ट्रम्पना कॅलिफोर्नियात 60 लाख मतं पडली, टेक्सासपेक्षाही जास्त, म्हणजे ती माणसं इथेच होती ना?

खरं कारण घर. इथलं मधल्या किमतीचं घर 8 लाख डॉलरच्या वर, टेक्सासमधे त्याच्या निम्म्याहून कमी. माझ्या मुलीची डेकेअरची टीचर भाडं वाढत गेलं तशी आधी लांबच्या ट्रेसी गावाला गेली, मग त्याच्याही पुढे स्टॉकटनला, रोज दोन-दोन तास ड्राइव्ह करून यायची, आणि गेल्या वर्षी शेवटी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला गेली. जाताना मी विचारलं तर म्हणाली, भाडं परवडत नाही, बस.

आणि घरं महाग का, तर आपण बांधू देत नाही म्हणून. 1978 च्या प्रॉपोझिशन 13 ह्या मतदारांनी मंजूर केलेल्या राज्याच्या कायद्यामुळे जुन्या मालकाच्या घराचं टॅक्ससाठी धरलेलं मूल्य वर्षाला 2 टक्क्यांच्या वर वाढत नाही, त्यामुळे त्याला घरं महाग झाल्याची झळच लागत नाही, उलट शेजारी अपार्टमेंट येणार म्हटलं की ट्रॅफिक, शाळा, सावली अशी सगळी कारणं काढून तो विरोधाला उभा राहतो. ह्यात डेमोक्रॅट आहेत, रिपब्लिकन आहेत आणि आपले मराठी लोकही आहेत. सगळं खापर पक्षावर फोडलं की आपण सुटतो, ह्याचाच मला राग येतो.

आत्ता आमच्या स्टेशनजवळच्या बिल्डिंगविरुद्ध सह्यांचा मेल फिरतोय, त्यात ओळखीची चार आडनावं दिसली. मी सही केलेली नाही. गुरुवारच्या मीटिंगला बिल्डिंगच्या बाजूने बोलायला जाणार आहे, कोणी येणार असेल तर सांगा, गाडीत तीन जागा आहेत.