वाढत्या अंगाची हॉकी स्टिक

गेल्या शनिवारी दुपारी सव्वा वाजता धोबीतलावच्या एका दुकानात मी उभा होतो. पोटऱ्यांना प्लास्टिकच्या ढाली, कोपरांना वाट्या, डोक्यावर पिंजरा. आणि एक अनोळखी गृहस्थ माझ्या छातीवर टिचक्या मारून दुकानाच्या शेठना सांगत होते, "पोकळ आहे."

त्यांना छातीवरच्या पॅडबद्दल म्हणायचं होतं, असं मी धरून चाललोय.

मूळ प्रकरण पटकन उरकतो. कन्या १३ वर्षांची. मुलुंडला सिमेंटच्या रिंकवर चाकांचे स्केट्स घालून हॉकी खेळते. तिच्या सरांनी जानेवारीत चार मुलांना लेहला बर्फावरच्या हॉकीच्या शिबिराला न्यायचं ठरवलं, त्यात हिचा नंबर लागला. मग सामानाची यादी आली. यादीत ११ वस्तू. त्यातल्या ९ मी जन्मात पाहिल्या नव्हत्या, आणि एकीचं नाव घरात मोठ्याने वाचायची सोय नव्हती.

मुंबईत राहून बर्फावरची हॉकी! आपल्याकडे बर्फ म्हणजे एक तर गोळ्याचा, नाही तर ससून डॉकला पापलेटांखाली असतो तो. पूर्वी गोराईला एस्सेलवर्ल्डमध्ये बर्फाची रिंक होती. तिथे कॉलेजात असताना मी कठडा न सोडता एक अख्खी फेरी मारली होती, एवढाच आमच्या घराण्याचा या क्षेत्रातला अनुभव. तरी २०२५ साली आपल्या मुलींनी अमिरातीत अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक आणलं, तेव्हा मी ऑफिसात दोघातिघांना आपणहून सांगितलं होतं. दोघातिघांनीही "बर्फावर? आणि पळतात कशा?" एवढंच विचारलं. संघात बहुतेक मुली लडाखच्या. थंडीत तळं गोठलं की त्यांचं मैदान तयार. आमच्या मुलीला डिसेंबरात ३२ डिग्रीत घाम पुसत बर्फाची कल्पना करावी लागते.

तर मी तीन आठवडे अभ्यास केला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते अज्ञानापोटी झालं असं कुणाला वाटू नये.

या स्टिकवर एक आकडा छापलेला असतो. ५०, ६५, ८५ असा. त्याला फ्लेक्स म्हणतात. स्टिक मधोमध एक इंच वाकवायला जितके पौंड जोर लागतो, तो हा आकडा. या खेळात चेंडूऐवजी रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. फटका मारताना खेळाडू स्टिक पकच्या जरा मागे बर्फावर दाबतो, दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटता सुटता पकला घेऊन जातो. थोडक्यात, वाकणं हा तिचा दोष नव्हे, तेच तिचं काम. ढोबळ हिशेब असा की आपल्या वजनाचे पौंड करायचे आणि त्याच्या निम्मा फ्लेक्स घ्यायचा. कन्या ४३ किलो, म्हणजे ९५ पौंड, म्हणजे ५०च्या आसपास. उंचीचं म्हणाल तर अनवाणी उभं राहिल्यावर नाकापर्यंत, स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत. लांब झाली तर वरून कापता येते, पण कापली की ती आणखी ताठ होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डावी की उजवी. पातं एका बाजूला वळलेलं असतं, त्यामुळे ही निवड चुकली की सगळंच उलटं. आपण उजव्या हाताने जेवतो, तर तो हात वर, दांड्याच्या टोकाशी धरायचा, कारण स्टिक एकाच हाताने सांभाळायची वेळ येते तेव्हा वरचाच हात कामाला येतो. मग डावा हात खाली आणि स्टिक डावी. कॅनडात बहुतेक खेळाडू डावीच वापरतात. कन्याही चाकांवर डावीच वापरते; तिची जुनी डावी आता तिच्या बेंबीपाशी येते म्हणूनच तर नवी हवी होती. तेव्हा यात मला मत असण्याचाही प्रश्न नव्हता.

एका पालकांकडून कळलं की धोबीतलावला एका दुकानाच्या माळ्यावर अशा दोन स्टिका कधीपासून पडून आहेत. गेलो. पोऱ्याने शिडी लावली, दोन शिंका दिल्या आणि दोन्ही खाली आणल्या. एक डावी, काळी, कार्बनची, फ्लेक्स ५०, किंमत ५,५००. दुसरी उजवी, लाकडी, पुरुषभर उंचीच्या माणसासाठीची, ८५, किंमत ३,२००. दैव म्हणतात ते हेच. माझं काम खरं तर अर्ध्या मिनिटाचं होतं.

काउंटरच्या कडेला स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. पंचाहत्तरीचे, फिक्या रंगाचा सफारी, मांडीवर कॅरमच्या बोरिक पावडरचा डबा. डबा घेऊन झाला होता, पैसे देऊन झाले होते. उठत मात्र नव्हते.

"हॉकी कोण खेळतंय?" त्यांनी विचारलं.

"मुलगी."

"मग यातली एकही देऊ नका तिला. ही हॉकी नव्हे."

"बर्फावरची आहे, काका."

"बर्फावर खेळा नाही तर गच्चीवर खेळा, हॉकी ती हॉकी. मी गिरगावातून चर्चगेटला चालत जाऊन हॉकी खेळलोय. लेफ्ट इन." आणि शेठकडे वळून, "काय?"

शेठनी वहीतून मान वर न करता हलवली. त्या मानेने माझा घात केला.

"ती काळी डावी आहे," मी म्हणालो. "मला डावीच—"

"डावी हॉकी स्टिक नसते."

आता इथे पंचाईत अशी की मैदानी हॉकीपुरतं हे सोळा आणे खरं आहे. तिथे स्टिकची एकच बाजू सपाट असते, खेळायचं फक्त तिनेच, आणि डावखुऱ्यालाही तीच स्टिक घ्यावी लागते. काका खोटं बोलत नव्हते. ते दुसऱ्याच खेळाबद्दल खरं बोलत होते. अशा माणसाशी वाद घालून पाहा एकदा.

मी फरक समजावून सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराचं घेतात तसं. मग डबा स्टुलावर ठेवून ते उठले, काळी स्टिक उचलली, फरशीवर टेकवली आणि तिच्यावर भार टाकला. ती सुंदर वाकली. इतकी देखणी कमान, की तीन आठवडे जे नुसतं वाचलं होतं ते डोळ्यांनी पाहून मला भरून आलं.

"वाकते," काका हळू आवाजात म्हणाले.

"वाकायलाच पाहिजे."

"शेठ, ही वाकते."

शेठनी पहिल्यांदा मान वर केली. पीटीचे बूट घ्यायला आलेल्या एक बाई मुलाला घेऊन जरा बाजूला सरकल्या. पोऱ्या म्हणाला, "चार वरसं पडून हाय, ओल लागली आसंल." कार्बनला! मग काकांनी लाकडी स्टिक घेतली, दोन्ही हातांनी दाबली, गुडघा लावून दाबली, लालबुंद झाले. ती ढिम्म. "हा माल," ते धापा टाकत म्हणाले, आणि पीटीच्या बूटवाल्या बाईंनी चक्क मान डोलावली.

"पण ही तिच्या डोक्याच्या वर जाते, काका."

"तेरा वर्षांची ना? मग वाढणार नाही? वाढत्या अंगाची घ्यावी."

संपलं. या वाक्यापुढे मराठी माणसाकडे उत्तर नसतं. माझा शाळेचा पहिला स्वेटर मला आठवीत नीट बसला. मुंजीतला कोट लग्नाच्या वर्षापर्यंत पुरेल असा शिवला होता. पुरला नाही, कारण त्याला तोवर कसर लागली. आपल्याकडे मूल आज आहे तेवढं असतं यावर कुणाचा विश्वासच नाही. ते पुढे जेवढं होणार आहे, तेवढ्याचे कपडे त्याला आज घालायचे.

स्टिकवरून गाडी मग बाकीच्या यादीवर आली. काउंटरवर पक ठेवलेला होता. "हा काय, स्ट्रायकर?" म्हणत काकांनी सवयीने बोट जमवलं आणि सणसणीत टिचकी मारली. कॅरमचा स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो. पक म्हणजे १७० ग्रॅमचं भरीव रबर. पक जागचा हलला नाही. काका दोन मिनिटं बोट तोंडात घालून गप्प होते, आणि त्या दोन मिनिटांत मी डावीचे पैसे देऊन पळ काढायला हवा होता, हे मला ठाण्याच्या पुढे गाडीत सुचलं. हो, ठाण्याच्या पुढे. मुलुंड गेलं ते कळलंच नाही.

बोट बरं झाल्यावर त्यांनी मला सगळं अंगावर चढवायला लावलं. मुलगी शाळेत आहे म्हटलं, तर म्हणाले, "बापाच्या अंगावर कळतं की." सुरुवातीचं दृश्य ते हेच. मुलांच्या मापाचे खांद्याचे पॅड माझ्या डोक्यातून आत गेले, पण बाहेर येईनात. पोऱ्याने शेवटी माझ्या पाठीला पाय लावून ते ओढले. पीटीच्या बूटवाला मुलगा आईचा मोबाइल मागत होता. कशासाठी ते मला ठाऊक आहे.

"त्यापेक्षा क्रिकेटचे पॅड घ्या," काका म्हणाले. "स्वस्त पडतात. हेल्मेटही तेच चालेल."

आता क्रिकेटचा चेंडू समोरून येतो. इथे माणूस पाय घसरून मागे पडतो, माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू दगडासारख्या बर्फावर आपटते. म्हणून या खेळाच्या चड्डीलाही मागे माकडहाडाशी गादी असते. पायाच्या पॅडची वाटी बरोब्बर गुडघ्यावर बसावी लागते. एक नंबर मोठं घेतलं तर पळताना ती खाली सरकते आणि गुडघा उघडा. कोपराचंही तेच. हे मी सांगत होतो, म्हणजे पिंजऱ्यातून ओरडत होतो. काका शांतपणे एकेक नंबर मोठं काढून काउंटरवर रचत होते.

हेल्मेट मात्र मी मापाचंच घेतलं. आणि मानेची पट्टी. तिच्यावरून काका हसले, "मफलर गुंडाळा की!" तेव्हा माझा आवाज चढला. २०२३च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये शेफील्डला भर सामन्यात ॲडम जॉन्सन नावाच्या खेळाडूच्या मानेला दुसऱ्याच्या स्केटचं पातं लागलं आणि तो गेला. २९ वर्षांचा होता. हे मी सांगितलं. दुकानात क्षणभर कुणी बोललं नाही. मीही पिंजरा वर केला. मग काका म्हणाले, "लहान लेकरं ती. दोन घ्या पट्ट्या." हे त्यांचं त्या दुपारचं एकमेव शहाणं वाक्य. दोन घेतल्या.

आणि त्याच भरात, का ते मला अजून सांगता येत नाही, लाकडी उजवी ८५ नंबरचीसुद्धा घेतली. तीन आठवड्यांच्या अभ्यासानंतर. बायकोला मी सांगितलं की डावी मिळालीच नाही. ते चारच दिवस टिकलं.

गाडीचं काय सांगू? सीएसएमटीला पोलिसाने ती स्टिक उलटसुलट करून पाहिली. साधी हॉकी स्टिक त्याला ओळखीची होती. मारामारीच्या केसमध्ये ती नेहमी येते म्हणाला. हिचं तिरकं पातं पाहून मात्र तो गोंधळला आणि "पंखे पुसायला काय?" म्हणून त्याने मला सोडलं. डब्यात एकाने नारळ पाडायचा आकडा म्हणून भाव विचारला.

घरी कन्येने स्टिक हातात घेतली, पातं जमिनीला टेकवलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बाबा, ही उजवी आहे." मग वाकवून पाहिली. मग शेजारी उभी केली. स्टिक तिच्या टाळूच्याही वर. रडली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली, "असू दे." तेरा वर्षांच्या मुलीने बापाला समजून घेण्याइतकं वाईट काही नसतं. कोपराच्या वाट्या घालून हात खाली सोडला की त्या थेट मनगटाशी.

काल पुन्हा गेलो. ऑफिसातून अर्धा दिवस काढून, सगळं पोत्यात बांधून. गल्ल्यामागे पाटी आहे: एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही. शेठनी बोलण्याचे कष्ट न घेता पेनाने पाटी दाखवली. मी म्हटलं, टेपसुद्धा गुंडाळलेली नाही, जशीच्या तशी आहे. पेन तिथेच. मी म्हटलं, लहान मुलीचं शिबिर आहे हो. पेन तिथेच.

काका स्टुलावर होते. ते रोज दुपारी तिथेच बसतात, असं पोऱ्याने मागाहून सांगितलं. त्यांनी त्यांचा बोरिक पावडरचा डबा शेठपुढे सरकवला. "गठळ्या आहेत." डबा फोडलेला होता, पाव तरी वापरलेला. शेठनी खालून नवा काढून दिला. पाटीच्या बरोब्बर खाली.

मी पाटीकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं. "जुनं गिऱ्हाईक आहे," शेठ म्हणाले. ते माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य.

"काय हो, पोरगी खूश?" काकांनी विचारलं.

काही बोललो नाही. पोऱ्याला म्हटलं, ती काळी डावी काढ. ५,५००. पाकीट उघडलं तर काकांनी माझा हात धरला. "थांबा हो. शेठ, ती वाकते ना? मग पुऱ्या भावाने कशी देता?" शेठनी विचार केला, ५,५०० खोडलं आणि ५,३०० लिहिलं.

काका माझ्याकडे पाहत राहिले. पीटीचे बूट घेणारे आज दुसरेच कुणी होते, तेही पाहत होते.

मला थँक्यू म्हणावं लागलं.