एक अंश शिल्लक

थंडी मनात असते, हे मला माझ्याच घरात, दोन स्वेटर आणि एक मफलर अशा अवस्थेत ऐकून घ्यावं लागलं. ऐकवणारे माझे मामेसासरे. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा पुढे समतोल वगैरे शोधू नये.

घरात बॉयलर आहे. त्यातलं गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरतं, आणि ते कधी फिरायचं हे पॅसेजच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट ठरवतो. हे सगळं सुरळीत चालू होतं. मामा राहायला आले आणि बिनसलं. दिवसभर आम्ही कुडकुडायचो आणि मध्यरात्री घामाघूम होऊन पांघरुणं लाथाडायचो. सकाळी चहा घेईपर्यंत बरं असायचं, मग पुन्हा नाकाचा शेंडा गार.

मी तपास रीतसर केला, हे नमूद करतो, कारण नंतर कोणीच केलं नाही. बॉयलरचं प्रेशर पाहिलं. पाणी गार असताना ते एक ते दीड बार असावं लागतं, तेवढं होतं. रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागला तर आत हवा अडकलेली असते. वरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीने सैल करून ती सोडायची. उलट असेल तर तळाशी गाळ. आमचे रेडिएटर वरपासून खालपर्यंत सारखेच थंडगार, त्यांच्यात मतभेद नव्हते. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलल्या. मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी फार मायेने ‘बंद करून पुन्हा चालू करा’ असं सांगितलं.

आता मामा. मामांनी आयुष्यभर लोकांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. आकडा लिहिलेला असेल तर ती गोष्ट अस्तित्वात आहे, नसेल तर नाही. हॉलमध्ये टीव्हीचा गलका म्हणून त्यांनी पॅसेजमध्ये, नेमकी थर्मोस्टॅटखाली, खुर्ची टाकली होती. शेजारी तिपाई, तिपाईवर टेबललॅम्प, मांडीवर वर्तमानपत्र. अख्खं घर गुंडाळलेलं असताना मामा नुसत्या सदऱ्यात! मी सहज म्हटलं, "मामा, घर गारठलंय हो."

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जावईबापू, इकडे या. यावर काय लिहिलंय?"

"बावीस."

"आणि तुम्ही लावलंय किती?"

"एकवीस."

"म्हणजे एक अंश शिल्लक आहे!"

"पण मामा, माझी बोटं बघा, निळी पडलीत..."

"बोटांची नोंद कुठे आहे यात?"

"हॉलमध्ये येऊन तर बसा, कळेल."

"हॉलमध्ये यंत्र आहे?"

"नाही."

"मग तिथलं तापमान तुम्हाला कळलं कसं?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण दात वाजत असताना ते नीट देता येईना. मामांनी माझं मनगट हातात घेतलं, वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटले आणि निकाल दिला, "थंडी मनात आहे." आतून बायको म्हणाली, "मामांचं ऐकत जा जरा."

मग मी काटा पंचवीसवर नेला. बॉयलर भक्क करून पेटला, पाईप टकटकायला लागले, आणि मी हॉलमध्ये पोचून रेडिएटरवर हात ठेवतो न ठेवतो तोच मागे खट्. मामांनी तो एकवीसवर आणला होता. "शिल्लक असताना खर्च कशाला?" मोठमोठ्या कार्यालयांत कुठे कुठे निव्वळ शोभेचे थर्मोस्टॅट लावलेले असतात. वायर कशालाच जोडलेली नसते. लोक फिरवतात आणि बरं वाटून घेतात. मला तेवढंही समाधान नव्हतं. आमचा जोडलेला होता, फक्त मामांना.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते. वर्ग चालू असताना शिपाई आत येऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टी कमीजास्त करायचा. या व्यत्ययाला वैतागून जॉन्सननी तळघरात घंटा वाजवून वर्दी देणारा विजेचा थर्मोस्टॅट बनवला आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. तापमापकासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला कटवण्यासाठी जन्मलेलं हे यंत्र! आमच्याकडे तो माणूस खुर्ची टाकून बसला होता.

शेवटी मेकॅनिक बोलावला. त्याने बॉयलरचं झाकणसुद्धा उघडलं नाही. पॅसेजमध्ये उभा राहिला, थर्मोस्टॅटजवळ तळवा धरला, खाली वाकला आणि लॅम्पचं बटण बंद केलं. "आता थांबा," म्हणाला. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. बावीस. बराच वेळ बावीस. मग एकवीस. मग वीस. थर्मोस्टॅटमध्ये बारीकसा टिक् आवाज झाला आणि बॉयलर पेटला. आकडा तरी उतरतच होता. ज्याच्यावर मामांची एवढी निष्ठा, तो सगळ्यांदेखत सतरावर येऊन थांबला.

एलईडीचा उजेड डोळ्यांना बोचतो म्हणून मामांनी लॅम्पला जुना साठ वॅटचा, तारेचा बल्ब लावून घेतला होता. असल्या बल्बला दिलेली बहुतेक सगळी वीज उष्णतेतच जाते; उजेड आपला वरकड. दिवसभर घरात चालू असलेला हीटर तेवढा एकच, आणि तो मामा आणि थर्मोस्टॅट या दोघांनाच मिळत होता. रात्री मामा दिवा मालवून झोपले की थर्मोस्टॅटला खरी थंडी कळायची आणि मग तो पहाटेपर्यंत आम्हाला भाजायचा.

"हा दिवा इथे कोणी ठेवला?" मेकॅनिकने विचारलं.

मामांनी वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली. "घर जावईबापूंचं आहे."

मग मेकॅनिकने मला झापलं. थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, साधारण दीड मीटर उंचीवर हवा. त्याच्याजवळ ऊन नको, दिवा नको, टीव्ही नको, वाऱ्याचा झोत नको. मी मान डोलावत होतो. पण मी काय म्हणतो, माणसं बसतात हॉलमध्ये, झोपतात बेडरूममध्ये, आणि अख्ख्या घराला थंडी वाजते की नाही हे ठरवणारं डबडं मुळात पॅसेजमध्ये ठोकलं कोणी? तो कोण महाभाग, त्याला विचारायला कोणी जात नाही. पैसे भरायला मात्र मी सापडतो. बटण बंद करण्याचे, अख्ख्या भेटीचे!

पावतीवर त्याने लिहिलं: ‘बॉयलर निर्दोष. ग्राहकाने थर्मोस्टॅटजवळ दिवा ठेवल्याने बिघाड.’

मामांनी पावती मागून घेतली, चष्मा नाकावर ओढला आणि ओळ न् ओळ तपासली. "बॉयलरमध्ये काही दोष नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो," ते म्हणाले आणि ‘ग्राहक’ या शब्दाखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.