‘आयसीयूत फिजिओथेरपिस्ट कशाला?’ या आक्षेपाचा प्रतिवाद

“रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे, त्याला विश्रांतीची गरज आहे, अशा अवस्थेत त्याला हलवणे धोक्याचे आहे, हातपाय हलवण्याचे काम परिचारिकाही करू शकते, आणि या सगळ्याचा उपयोग नाही हे आता संशोधनानेच दाखवून दिले आहे.” अशा आशयाचा मजकूर रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये सतत फिरत असतो. तो वाचून घरच्यांनी फिजिओथेरपी नाकारली, तर त्याचे परिणाम भोगावे लागतात ते अंथरुणावरच्या माणसाला. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे आवश्यक आहे.

विश्रांतीचा मुद्दा सर्वांना सहज पटतो आणि नेमका तोच सर्वाधिक दिशाभूल करतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील 63 रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे सोनोग्राफीने मोजमाप घेण्यात आले, तेव्हा अवघ्या दहा दिवसांत त्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सरासरी सुमारे 18 टक्क्यांनी घटलेले आढळले. श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूची, स्थिती याहून नाजूक असते. श्वासाचे काम पूर्णपणे यंत्राकडे गेले की त्याचे तंतू 18 ते 69 तासांतच बारीक होऊ लागलेले दिसतात, असे 2008 सालच्या एका अभ्यासात नोंदवलेले आहे. स्नायूंची ही झीज केवळ पडून राहिल्याने होत नाही, जंतुसंसर्ग आणि शरीरभर पसरलेला दाह हीदेखील तिची मोठी कारणे आहेत, आणि फिजिओथेरपी ती झीज पूर्णपणे थांबवू शकते असे कोणीही म्हणू नये. परंतु निश्चल पडून राहणे हे कारण असे आहे की ज्यावर त्या विभागातच उपाय करता येतो. फुप्फुसांच्या तीव्र विकारातून बचावलेल्या 109 रुग्णांचा कॅनडात वर्षभर पाठपुरावा केला गेला, तेव्हा बहुतेकांच्या फुप्फुसांची क्षमता सहा महिन्यांत जवळजवळ पूर्ववत झाली होती, तरीही वर्षअखेरीस सहा मिनिटांत ते चालू शकत होते ते अंतर अपेक्षित अंतराच्या सुमारे 66 टक्केच होते. फुप्फुसे सावरली, पण अंगात बळ राहिले नाही.

धोक्याबद्दलची भीती समजण्याजोगी आहे. इतक्या नळ्या लावलेल्या माणसाला उठवून बसवायचे, या विचारानेच घरच्यांच्या छातीत धस्स होते. मात्र हा निर्णय अंदाजाने घेतला जात नाही. यंत्रातून द्याव्या लागणाऱ्या हवेतील ऑक्सिजन 60 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण 90 टक्क्यांच्या खाली नसावे, श्वासांची गती मिनिटाला 30 च्या आत असावी, रक्तदाब स्थिर असावा, असे निकष 2014 मध्ये तज्ज्ञांनी एकमताने मांडले असून घशात नळी असणे हे एकटे कारण त्यात आडकाठी मानलेले नाही. रुग्णाला पलंगाच्या कडेवर प्रथम बसवताना आधी प्रत्येक नळी कोणत्या बाजूला ठेवायची हे ठरते, एक जण श्वासाची नळी हाताने धरून राहतो, फिजिओथेरपिस्ट खांद्यामागे आधार देऊन रुग्णाला हळूहळू उठवतो आणि त्याचे तळवे जमिनीला टेकेपर्यंत मॉनिटरवरची नजर काढत नाही. रक्तदाब घसरू लागला तर त्याच क्षणी त्याला पुन्हा आडवे केले जाते. बावीस हजारांहून अधिक सत्रांच्या 2017 सालच्या एकत्रित आढाव्यात सुरक्षेला बाधक ठरू शकतील अशा घटना 2.6 टक्के सत्रांत आढळल्या आणि त्यांतील बहुतेक तात्पुरत्या होत्या.

परिचारिका हे काम करू शकते, या म्हणण्यात परिचारिकेच्या कौशल्याविषयी आदर असेल तर तो योग्यच आहे. तिच्या सहकार्याशिवाय वर वर्णन केलेले काहीही शक्य नाही. परंतु बेशुद्ध रुग्णाचे सांधे हलवणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. फुप्फुसाचा कोणता भाग मिटला आहे हे ओळखून रुग्णाला कोणत्या कुशीवर वळवायचे, साचलेला कफ कसा वर आणायचा, नळी काढण्याआधी रुग्णाचा खोकला पुरेसा जोरकस आहे का, श्वासाच्या स्नायूंना व्यायाम द्यावा का, या प्रश्नांची उत्तरे रोज नव्याने शोधावी लागतात. रुग्ण सूचना पाळू लागला की दोन्ही बाजूंच्या सहा-सहा स्नायूगटांना शून्य ते पाच गुण देऊन एकूण 60 पैकी बळ मोजले जाते आणि 48 पेक्षा कमी गुण ही ठळक अशक्ततेची खूण मानली जाते. सरसकट प्रत्येकाची छाती थोपटण्याची जुनी पद्धत मात्र टीकाकारांनी नावे ठेवावीत अशीच आहे, आणि ती मोडीत निघत आहे हे चांगलेच आहे.

“संशोधनाने सिद्ध केले” हा दावा 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 750 रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीवर बेतलेला आहे. त्या चाचणीत लवकर आणि अधिक हालचाल करवलेल्या गटाला 180 दिवसांच्या अखेरीस अधिक लाभ झाला नाही, उलट प्रतिकूल घटना 9.2 टक्के रुग्णांत घडल्या, दुसऱ्या गटात 4.1 टक्के. हे आकडे खरे आहेत आणि ते गंभीरपणे घेतलेच पाहिजेत. पण दुसरा गट फिजिओथेरपीविना नव्हता. त्या गटातील रुग्णांचीही दररोज सरासरी सुमारे 9 मिनिटे सक्रिय हालचाल करवली जात होती, तर पहिल्या गटात ती सुमारे 21 मिनिटे होती. म्हणजे तुलना कमी आणि अधिक मात्रेची होती. याउलट 2009 सालच्या 104 रुग्णांच्या चाचणीत, गुंगीचे औषध रोज थांबवून लगेच व्यायाम सुरू केलेल्या गटातील 59 टक्के रुग्ण घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते, दुसऱ्या गटातील 35 टक्के. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर मात्रा ठरवणारा जाणकार माणूस रोज रुग्णाजवळ असण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

नातेवाइकांनी शंका जरूर घ्यावी, पण ती नेमक्या प्रश्नांतून विचारावी: आज स्नायूंचे बळ किती आहे, खोकला कसा आहे, रुग्णाला बसवले का, आणि बसवले नसेल तर कोणत्या कारणाने?